दीड वाजता मी काउंटरवरून का उठते

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. "बँकेची नोकरी सांभाळून हे खाण्यापिण्याचे तुम्हाला जमते तरी कसे?" हा प्रश्न मला शाखेतल्या सहकाऱ्यांनी, नात्यातल्या मुलीसुनांनी आणि पासबुक भरून घ्यायला आलेल्या ग्राहकांनीही विचारला आहे. त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा दुसरा प्रश्न येतो: "एक दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडते?" पहिल्यात कौतुक असते, दुसऱ्यात नाराजी, कारण मी दीड वाजता उठले की माझ्या खिडकीसमोरची रांग शेजारच्या खिडकीवर जाते. वाढदिवसाचे समोसे, सकाळी पार्सल येणारे तर्री-पोहे, दिवाळीतली संत्रा बर्फी यांना मी नाही म्हणते, त्याचेही लोकांना वाईट वाटते. तर्री-पोह्यांचा मला तिटकारा नाही; नागपुरात वाढलेल्या माणसाला तो असण्याचे कारणही नाही. पण मला मधुमेह आहे. तर्रीतला हरभरा चांगलाच आहे, परंतु त्यावरचे तेल आणि खालचा पोह्यांचा ढीग मिळून माझी साखर कुठे नेऊन ठेवतात, ते मी ग्लुकोमीटरवर पाहिलेले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहारासंबंधी १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; त्यांत ताटाचा निम्मा भाग भाज्या, फळे आणि कंदमुळे यांचा असावा, असे सांगितले आहे. आपला डबा याच्या उलट भरला जातो: सर्वांत मोठ्या पुड्यात पोळ्या, मधल्यात भात आणि भाजीला एवढीशी डबी. मी मोठ्या पुड्यात भाजी भरते, मधल्यात ज्वारीची एक भाकर घडी घालून ठेवते आणि लहान डबीत मोड आलेली मटकी किंवा घट्ट वरण. रविवारी गोकुळपेठच्या बाजारातून भाजी आणायची, पालेभाजी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडून कोरड्या कापडात गुंडाळायचा, जवसाची चटणी आठवड्याची कुटून ठेवायची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ओले खोबरे, टोमॅटो, दही यांतले काहीही डब्यात घालायचे नाही, कारण गाडीच्या डिक्कीत ते दुपारपर्यंत आंबते; तेव्हा झुणका, कोरडी भाजी आणि कांदा. एवढे सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते, माझे होत नाही. डबा भरायला सवय पुरते. तो वेळेवर उघडायला मिळणे हे माझ्या एकटीच्या हातात नाही, आणि त्याविषयी मला आजवर कोणी विचारलेले नाही.

२०१६ चा नोव्हेंबर तुम्ही बहुधा रांगेतून पाहिला असेल. मी तो खिडकीच्या आतून पाहिला. ८ तारखेच्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या, ९ तारखेला बँका बंद राहिल्या, १० पासून उघडल्या आणि त्या आठवड्यात शनिवारी-रविवारीही उघड्या होत्या. माणशी ४००० रुपये बदलून द्यायचे होते. मधुमेहाचे निदान होऊन मला तेव्हा काही काळ झाला होता आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीच्या जोडीला ग्लिमेपिराइड सुरू केले होते. ही दुसरी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आले आहे की नाही याची वाट पाहत नाही. डॉक्टरांनी हे मला नीट समजावून सांगितले होते: ही गोळी घेतली की जेवण चुकवायचे नाही.

रविवारी, १३ तारखेला, शाखा उघडण्याआधीच रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. सकाळी गोळी आणि थोडा उपमा एवढेच पोटात गेले होते. शाखाधिकाऱ्यांनी हात जोडून विनंती केली की आज रांग संपेपर्यंत कोणी उठू नका, आणि ती विनंती आम्हा सगळ्यांना योग्यच वाटली. रांग संपली नाही. डबा माझ्या पायापाशी पिशवीत होता. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले.

तीनच्या सुमारास एक आजी समोर आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी पाचशेच्या आठ नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी मोजल्या, त्या सात भरल्या. पुन्हा मोजल्या, नऊ भरल्या. बोट ओल्या स्पंजावर ठेवले आणि ते उचलायचे असते हेच मला सुचेना. नोव्हेंबर होता, वर पंखा चालू होता, तरी मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. अर्जावरचे आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. आजी म्हणाल्या, "बाई, आठ हायेत, मी घरून मोजून आणल्या." त्या मला रागावत आहेत असे मला वाटले आणि मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारच्या सहकाऱ्याला आठवते आणि त्याने ते मला अजून सांगितलेले नाही. रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "जेवाले जायचं म्हणून नाटक करून राहिली." माझी अवस्था ओळखली ती आमच्या शिपायाने. "मॅडम, तुमचे हात थरथरून राहिले. शुगर आहे न तुम्हाले?" एवढेच त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चहाच्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून ग्लास माझ्या तोंडाला लावला. त्याच्या आईला असेच होत असे. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की ती धोक्याच्या पातळीला आली असे मानतात. साखरपाणी पोटात गेल्यावर जवळच्या दवाखान्यात मोजली तेव्हाही माझी ६४ होती.

त्या रात्री रोकड जुळली नाही. कमी भरलेली रक्कम मी स्वतः भरली, तसा रिवाजच आहे. पुढच्या आठवड्यात एका वरिष्ठांनी मला बोलावून म्हटले, "एका दिवसाच्या जेवणाने एवढे होत असेल तर तुम्ही कॅशवर बसूच नका." पैशांचे दुःख केव्हाच विरले. ते वाक्य अजून सलते.

तेव्हापासून मी दीड वाजता उठते. तरीही त्या दिवसापूर्वीची मी अजून माझ्याशी भांडते, आणि तिचे म्हणणे मला सहज खोडून काढता येत नाही. समोर माणसे उभी असताना खिडकी सोडायची नाही याचा तिला अभिमान होता. ती विचारते, रांगेतले लोक तरी कुठे जेवून आले होते? ती आजी पहाटेपासून उभी असेल, तिच्या साखरेची कोणी चौकशी केली? मी म्हणते, उपाशी कॅशियर चुकीचे मोजते, त्यात आजीचेही नुकसानच आहे. ती म्हणते, हा युक्तिवाद तुला गोळीमुळे सुचला. गोळी नसती तर तूही बसून राहिली असतीस. हे खरे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रावरच्या कामगाराला सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. ती देताना त्याच्याकडून डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. बँकेच्या खिडकीला तो कायदा लागू नव्हता. आम्ही पाळीपाळीने जेवायचे आणि ज्याची पाळी शेवटची, त्याचे जेवण तीनपर्यंत लांबायचे. बँकेच्या जेवणाच्या सुट्टीवरचे विनोद मी खूप ऐकले आहेत आणि प्रत्येक वेळी ते मला लागले आहेत.

शिवाय "जमते कसे" याचे उत्तर देताना माझ्याकडून एक गोष्ट नेहमी राहून जाते. डबा मी भरते, पण भाकरी मी थापत नाही. सकाळी सहाला स्वयंपाकाच्या मावशी येतात. आमच्यानंतर त्यांची आणखी तीन घरे असतात आणि मानेवाड्याला स्वतःच्या घरी जाऊन त्या जेवतात तेव्हा तीन वाजून गेलेले असतात. साखर त्यांनाही आहे. मी त्यांना म्हटले, मावशी, सकाळी इथेच दोन घास खाऊन जा. त्या म्हणाल्या, "ताई, इथं बसून राहिली तर पुढच्या घरी साडेसातला कशी पोहोचू? त्यांच्या पोरांचा डबा असतो न." मी त्यांचे पैसे वाढवले, भाकर-भाजी बांधून देऊ लागले, परंतु त्यांच्या सकाळीत अर्धा तास कुठून आणावा, हे मला कळलेले नाही. माझी शिस्त वाखाणणाऱ्यांनी हेही धरून चालावे.

आमच्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याची पाळी पावणेतीनची होती. भूक मारायला दिवसभर चहा आणि बिस्किटे. गेल्या तपासणीत त्याचे एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ आले; ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक या उंबरठ्यावर आहेत. तो मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे डॉक्टरांचा कागद आहे म्हणून तुम्हाला उठता येते. माझा कागद यायची वाट पाहू का?" मी शाखाधिकाऱ्यांशी बोलून त्याची पाळी एक वाजता करून घेतली. पावणेतीनची पाळी आता नव्याने लागलेल्या मुलीकडे गेली आहे. तिने तक्रार केलेली नाही. नव्या माणसाने ती करायची नसते, असे तिला वाटत असावे. हे मला पटलेले नाही. दुपारी एक ते अडीच या वेळेत तिसरी खिडकी चालवायला आणखी एक माणूस मिळावा, असा अर्ज मी लिहिला आहे. तसाच अर्ज मागेही दिला होता आणि तेव्हा त्याचे उत्तर आले नव्हते.