तुम्ही विचारलंत म्हणून: दोन फ्यूल पंप लावले की बॅकअप झाला ना?

घरी विमान बांधणारं कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिला पंप ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसराही पडणार नाही ना, हे आधी बघा.

हाय विंग विमान (पंख केबिनच्या वर, टाक्या पंखात) आणि कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर सहसा पेट्रोल वरच्या टाकीतून आपोआप खाली येतं, पंपाचा प्रश्नच नाही. लो विंगला (पंख खाली) मात्र पंप लागतो, आणि तिथली जुनी पद्धत मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते, एक मेकॅनिकल पंप जो इंजिनच फिरवतं आणि एक इलेक्ट्रिक जो टेकऑफ-लँडिंगला चालू ठेवायचा. पहिल्याला वीज लागत नाही आणि दुसऱ्याचं इंजिनच्या फिरण्यावर काही अडत नाही, हा खरा बॅकअप.

घोळ होतो तो इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये, म्हणजे जिथे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल इंजिनात फवारतो. तिथे प्रेशर साधारण ३ बार लागतं (लायकमिंग कंपनीच्या विमान-इंजिनांच्या कार्ब्युरेटरला ०.५ ते ८ पीएसआय पुरतं, आणि ३ बार म्हणजे जवळजवळ ४४ पीएसआय), म्हणून दोन्ही पंप इलेक्ट्रिक असतात, आणि मग लोक दोन्ही एकाच फ्यूजवर, एकाच अर्थिंगच्या बोल्टवर घेतात, वर दोघांच्या आधी फिल्टरही एकच. विहीर आटली तर दोन रहाट असून काय उपयोग! प्रत्येक पंपाला स्वतःची वायर, स्वतःचा फ्यूज, स्वतःचा स्विच आणि स्वतःचा फिल्टर द्या, आणि अल्टरनेटर (इंजिनवर वीज बनवणारा) गेला तर नुसत्या बॅटरीवर इंजिन किती वेळ चालेल हे जमिनीवर मोजून ठेवा. पंप पॅरलल, म्हणजे एकामागे एक नाही तर शेजारी-शेजारी, असतील तर प्रत्येकाच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर चालू पंपाचं पेट्रोल बंद पंपातून मागे फिरतं आणि इंजिनाला प्रेशरच मिळत नाही.

दोन्ही पंपांना एकदम मारणारं अजून एक कारण म्हणजे व्हेपर लॉक. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतलं प्रेशर कमी होतं, त्यात इंजिनची उष्णता मिळाली की पेट्रोल तिथेच उकळतं आणि पंप नुसती वाफ फिरवत बसतो. गाडीचं पेट्रोल १००एलएल या विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफ धरतं, त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. पंप इंजिनाजवळ नको, टाकीजवळ आणि शक्यतो टाकीपेक्षा खाली लावा, म्हणजे त्याला ओढावं कमी लागतं, ढकलावं जास्त.

इंजेक्शनचा कॉम्प्युटरच गेला तर? काही जण सरळ इनटेकमध्ये (इंजिनाची हवा आत जाते त्या वाटेत) पेट्रोल सोडणारी वेगळी नळी टाकतात, तिला हाताने फिरवायचा नीडल व्हॉल्व्ह. मला हे पटतं, सिलिंडरना पेट्रोल कमीजास्त मिळतं आणि इंजिन खडखडत चालतं, पण चालतं. प्रेशर देणारा पंप मात्र तिथेही लागतोच, आणि इग्निशन त्याच कॉम्प्युटरवर असेल तर या नळीचा काही उपयोग नाही.

आणि मोजल्याशिवाय उडू नका, प्लीज. अमेरिकेच्या एफएएचा (तिथली विमानांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) सर्टिफाइड विमानांसाठीचा जुना नियम असा की टेकऑफला इंजिन जेवढं पितं त्याच्या १२५ टक्के पंपाने द्यायला हवं, नुसत्या उतारावर येणाऱ्या पेट्रोलसाठी १५० टक्के. म्हणजे इंजिन तासाला ४० लिटर घेत असेल तर ५० आणि ६०. विमानाचं नाक चढाईइतकं वर करा, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, एका वेळी एकच पंप चालवा आणि इंजिनाकडची नळी सोडून डब्यात मोजा, मग दुसरा पंप. इंजेक्शनवाल्यांनी हे पूर्ण प्रेशरला मोजायचं, मोकळ्या नळीतून भरपूर देणारा पंप ३ बारला तेवढं देईलच असं नाही.