सरांचं डस्टर आणि आमचं सूत

स्मरणिकेसाठी लिहा असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा सगळ्यांबद्दल लिहायचं ठरवलेलं, पण लिहायला बसलं की सायन्सचे सरच समोर येतात. नाव सांगायची गरज नाही, कोपऱ्यातली लॅब म्हटलं की कळतंच.

नववीत गुरुत्वाकर्षण चालू होतं. आमचे बाबा चादरीच्या कारखान्यात मागावर, म्हणून सूत मी आणलेलं. सरांनी ते डस्टरला बांधलं, डोक्यावर गरगर फिरवलं आणि विचारलं, सूत तुटलं तर हे कुठं जाईल? आम्ही ओरडलो, बाहेर, सरांपासून लांब! तेवढ्यात ते खरंच तुटलं की, डस्टर खिडकीच्या गजावर, कोपऱ्याचा ढलपाच उडाला. सरांनी शांतपणे फरशीवर खडूनं गोल काढला, सूत तुटलं ती जागा दाखवली आणि तिथनं खिडकीपर्यंत रेघ मारली. रेघ गोलाला नुसती चाटून गेलेली, स्पर्शिका! बाहेर ओढणारं कुणी नव्हतंच, डस्टर आपलं सरळ निघालेलं आणि सूत त्याला सारखं आत वळवत होतं. चंद्राचंही तेच, तो सेकंदाला साधारण १ किलोमीटर पुढं जातो आणि तेवढ्यात पृथ्वीकडं जेमतेम १.४ मिलिमीटर पडतो, म्हणून कायम पडतो पण पोचत नाही.

मी विचारलं, अणूच्या केंद्रकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनचं पण असंच का? सर हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधीच म्हणाले, काल मी चुकीचं सांगितलं. इलेक्ट्रॉन तसा फिरला असता तर ऊर्जा बाहेर टाकत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच केंद्रकात पडला असता. १९१३ मध्ये नील्स बोर या शास्त्रज्ञानं ठरावीक कक्षा सुचवल्या, पुढं त्या कक्षाही गेल्या, इलेक्ट्रॉन कुठं सापडेल याची फक्त शक्यता उरली. आम्हाला किती कळलं देव जाणे, पण साठ पोरांसमोर चूक कबूल करणारा मोठा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आज पुण्यात कंपनीत पंधरा जण माझ्या हाताखाली आहेत, माझं चुकलं की मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर सांगतो, हे सरांचंच.

लॅबच्या जागी आता कॉम्प्युटर रूम झालीय, बघून पोटात तुटलं.

मागच्या दिवाळीत सोलापूरच्या घराच्या गच्चीवरनं लेकीला अंतराळ स्थानक जाताना दाखवलं आणि लगेच सरांना फोन लावला. सर म्हणाले, तिथं वर गुरुत्वाकर्षण नसतं असं नाही ना सांगितलंस? नाही सर, ४०० किलोमीटरवर पण इथल्या नव्वद टक्के असतं, ते पडतंय असंच सांगितलं.