रातांधळेपणा आणि सहावं बोट: माझ्या थीसिसचा अनुभव

एम. एस. ऑप्थॅलच्या, म्हणजे नेत्रविकारातल्या पदव्युत्तर पदवीच्या, थीसिससाठी मी बार्डेट-बीडल सिंड्रोमच्या पेशंटचे डोळे हा विषय घेतला, तेव्हा जो तो एकच विचारायचा: "एवढे पेशंट मिळणार कुठून?" शंका रास्त होती. १९२० मध्ये बार्डेट आणि १९२२ मध्ये बीडल यांनी वर्णन केलेला हा आनुवंशिक आजार दुर्मीळ तर आहेच, शिवाय त्याची लक्षणं विखुरलेली. जन्मतः हाताला किंवा पायाला जादा बोट, लहानपणापासून वाढत जाणारं वजन, मूत्रपिंडाचे दोष आणि साधारण सातव्या-आठव्या वर्षापासून रातांधळेपणा. बोट सर्जरीकडे, वजन बालरोग विभागाकडे, किडनी नेफ्रोलॉजीकडे, डोळे आमच्याकडे. चार ओपीडी, चार केसपेपर, आणि मूल एकच.

म्हणून आमच्या ओपीडीत वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. सरांनी केस सिरीज, म्हणजे मिळतील तेवढ्या मोजक्या पेशंटचा तपशीलवार अभ्यास, करायला परवानगी दिली आणि मी बाकीच्या विभागांमध्ये अशी मुलं आमच्याकडे पाठवा म्हणून चिठ्ठ्या देऊन ठेवल्या. सर्वात कामाचा ठरला एक साधा प्रश्न: "जन्मताना याला सहावं बोट होतं का?" बहुतेकदा ते तान्हेपणीच काढून टाकलेलं असतं आणि घरचेही विसरून गेलेले असतात. मग मी मुलाचा हात उजेडात धरून करंगळीच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवायचे. तिथे तांदळाएवढा कडक व्रण लागला की पुढची सगळी चौकशी बदलायची.

संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं काम वेळ घेणारं होतं, पण ते हवंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या सहीशिवाय मुलाचाही होकार लागतो: सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, त्यापुढे लेखी. पालक मात्र एकच विचारायचे, "तपासणीला रक्त दिलं की डोळे सुधारतील ना?" नाही, हे आधीच स्पष्ट सांगावं लागे. ते ऐकूनही सही करणाऱ्या आईबापांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

तपासण्यांमध्ये कस लागला तो ईआरजीत, म्हणजे प्रकाशाला डोळ्याच्या पडद्याने दिलेला विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीत. सुरुवातीला दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा) बघून फारसं काही कळत नाही. पडदा खराब होताना दिसणारे ओळखीचे काळे डाग बऱ्याचदा नसतातच. पडद्यातल्या पेशी काम करतात की नाही, ते ईआरजी सांगतो. त्यासाठी आधी वीस मिनिटं अंधारात बसावं लागतं. मंद लाल दिवा असतो. आपल्याला हळूहळू खुर्ची, दाराची कड दिसू लागते. या मुलांना काहीच दिसत नाही. एक मुलगा आईचा पदर घट्ट धरून सारखा विचारत होता, "आई, तू आहेस ना?" पापणीच्या कडेला धाग्यासारखा इलेक्ट्रोड लावला, यंत्राच्या घुमटात हनुवटी टेकवली, प्रकाश चमकवला. स्क्रीनवर लाट उठायला हवी होती. रेघ जवळजवळ सपाट गेली.

बाहेर आल्यावर त्याची आई म्हणाली, "मॅडम, दिवेलागणीनंतर धडपडतो म्हणून आम्ही याला फार बोललो हो. मारलंसुद्धा." त्याआधी कुणीतरी व्हिटॅमिन ए दिलं होतं, कुणी चष्मा. सतत भूक लागते म्हणून घरात खादाड हे नावही पडलेलं.

रातांधळेपणा आणि ही भूक, दोन्हीचं मूळ एकच. प्रकाश टिपणाऱ्या पेशीच्या दोन भागांना सिलियम नावाचा एक अतिसूक्ष्म, केसासारखा धागा जोडतो, आणि प्रथिनांची ये-जा त्या घाटरस्त्यानेच होते. या आजारात वाहतूक बिघडते आणि पेशी मरत जातात. असेच धागे (सिलिया) मूत्रपिंडात आहेत, मेंदूत भूक सांभाळणाऱ्या पेशींवरही आहेत. वीसहून जास्त जनुकांपैकी एकात दोष असला तरी हे होऊ शकतं. मुलाचा यात काडीचाही दोष नाही, हे मी प्रत्येक घराला सांगितलं. आणि आईचाही एकटीचा नाही: दोष सहसा दोघांकडून येतो, पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात हे सांगताना सासूबाईंना मी मुद्दाम समोर बसवून घेई.

डोळ्यांसाठी आज उपाय नाही. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेली जनुकोपचार पद्धत आरपीई६५ या वेगळ्याच जनुकासाठी आहे. पण निदान झालं की बरंच काही करता येतं: किडनीची सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब वेळोवेळी बघणं, आहार, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, परीक्षेत लेखनिक, दृष्टी असतानाच ब्रेलची आणि पांढऱ्या काठीची ओळख. नजर बहुतेकदा किशोरवयातच फार खालावते, त्यामुळे सहावीत कळणं आणि दहावीत कळणं यात मोठा फरक पडतो.

थीसिस जमा झाला, पण चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत. बोट काढायला आणलेल्या बाळाचं वजन, किडनी आणि पुढे डोळे बघा, एवढंच त्यावर लिहिलं आहे.