चारच्या आत मुक्काम

सेडूना

निघायच्या आधी ज्याला त्याला सांगत सुटले होते, प्लॅन वगैरे काही नाही, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, मनाला येईल तिथे थांबायचं आणि कंटाळा आला की निघायचं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेतल्या ॲडलेडहून पोर्ट ऑगस्टा, किंबा करत व्हॅनने इथवर, सेडूनाला, आले आणि इतकं कडक टाइमटेबल तर शाळेत असताना पण नव्हतं. चारच्या आत गाडी लागलीच पाहिजे. मी कुठे ठरवलं हे, सूर्याने ठरवलंय. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो आणि त्याच्या आधीपासूनच कांगारू रस्त्याच्या कडेला चरायला यायला लागतात, सकाळी पण तेच, त्यामुळे ऊन नीट वर आल्याशिवाय चावी फिरवायची नाही. दिवसा दिसतात ते बहुतेक मेलेलेच, आणि त्यांच्यावर बसलेले वेज-टेल्ड ईगल, हे भलेमोठे गरुड, पोट भरलेलं असलं की गाडी समोर आली तरी पटकन उडता येत नाही त्यांना, म्हणजे त्यांच्यासाठी पण ब्रेक.

म्हणजे हातात राहतात सात-आठ तास. त्यात डिझेल, जेवण, डुलकी, आणि मागून येणाऱ्या रोड ट्रेनला जागा देणं. दोन-दोन, तीन-तीन ट्रेलर जोडलेले ते ट्रक शेजारून गेले की माझी जुनी हायएस व्हॅन आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. सीबी रेडिओ चॅनल ४० वर लावून ठेवलाय, तिथे ड्रायव्हर लोक एकमेकांना काय काय सांगत असतात, अर्धं कळत नाही आणि कळतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आज सेडूनाला मुख्य काम पाणी. इथून पश्चिमेला नॉर्समन गावापर्यंत जवळजवळ १२०० किलोमीटर, मधे रोडहाउस आहेत, तिथे डिझेल मिळतं (भाव बघून डोळे पांढरे होतात), बर्गर मिळतो, पैसे भरून अंघोळ पण मिळते, पण टाकी भरून द्या म्हणून पाणी मागायचं नाही. त्यांच्याकडेच नसतं. नद्याच नाहीत ना इथे, चुनखडीचं हे नलारबॉर पठार, पडेल तो पाऊस खाली झिरपून जातो आणि खाली जे असतं ते खारट. तर टाकीत ५० लिटर आणि शिवाय १० लिटरचे दोन कॅन, भरून घेतले.

ॲडलेडच्या ऑफिसमधल्या मैत्रिणींना या पाण्याचंच फार कौतुक आणि फार टेन्शन होतं, तू कसं मॅनेज करणार गं. मला हसू येत होतं. माझं आजोळ माण तालुक्यातलं, दहिवडीच्या बाजूचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की टँकर कधी येणार यावर सगळ्या घराचा दिवस ठरायचा, आणि आजी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी जास्वंदीला असं फिरवायची, त्याला कुणी ॲडव्हेंचर म्हणत नव्हतं. व्हॅनमध्ये माझं तेच चाललंय. ताट आधी कागदाने पुसायचं, मग ओल्या फडक्याने, मग वाटीभर पाण्याने. तोंड धुतलेलं पाणी साठवून पाय. दिवसाला पाच-सहा लिटरच्या वर मी जातच नाही, आणि त्यात दोन वेळचा चहा आहे.

नलारबॉर रोडहाउसच्या पुढे, रेस्ट एरिया

लोकांना वाटतं अख्खा रस्ता उघडाबोडका आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण हायवे पठाराच्या दक्षिण कडेकडेने जातो, बराचसा रस्ता झुडपांतून, मॅली जातीच्या निलगिरीतून, आणि खरंखुरं एकही झाड नसलेला पट्टा या रोडहाउसच्या आजूबाजूला थोडाच. पण तो आला की समजतं. क्षितिज इतकं खाली जातं की गाडीत बसूनसुद्धा आपण उंच झालोय असं वाटतं. त्याच भागात ती प्रसिद्ध पिवळी पाटी, उंट, वॉम्बॅट, कांगारू एकाखाली एक. फोटो काढला, सगळेच काढतात.

यालाटा मागे गेलं. ही सगळी जमीन तिथल्या आदिवासी समाजाची, हायवे सोडून आत जायचं तर परमिट लागतं. १९५२ मध्ये उत्तरेकडच्या अनंगु लोकांना इथे आणून वसवलं, आणि पुढे १९५६ पासून तिकडे मारालिंगाला ब्रिटिशांनी अणुबाँब फोडून बघितले. रिकामी जमीन आहे म्हणून. हे वाचल्यापासून मला इथल्या कुठल्याही तुकड्याला रिकामं म्हणवत नाही, आणि फ्री कॅम्पिंगच्या गप्पांत लोक सर्रास म्हणतात, तिथे कुणी नसतं, कुठेही लाव.

हेड ऑफ बाइटला दोन तास थांबले. तिकीट आहे, पण द्यावं. खाली समुद्रात सदर्न राइट व्हेल, आया आणि पिल्लं, पार काठाजवळ. अंटार्क्टिकाच्या बाजूने दरवर्षी जून ते ऑक्टोबर इथे येतात पिल्लं घालायला. लाकडी पुलावर उभं राहून बघायचं, आणि विशेष म्हणजे त्या काही करत नाहीत. उड्या नाहीत, शेपट्या आपटणं नाही. नुसत्या पडून असतात. शेजारच्या एका मुलाने वडलांना विचारलं पण, हे एवढंच का.

त्याच भागातल्या वाळूच्या टेकड्यांत एडवर्ड जॉन एअर या इंग्रज शोधप्रवाशाला इथल्या लोकांनी पाणी दाखवलं होतं. हा रस्ता त्याच्याच नावाचा, एअर हायवे. १८४०-४१ मध्ये तो इथून पश्चिमेला गेला, वाटेत सोबतच्या बॅक्स्टरचा खून झाला, आणि शेवटपर्यंत बरोबर राहिला तो वायली, ऑल्बनीकडचा नूंगार आदिवासी तरुण. वाळूत कुठे खणायचं हे त्या-त्या ठिकाणच्या माणसांना ठाऊक होतं म्हणून ते दोघे पोचले, आणि वाटेत एका फ्रेंच व्हेलिंग जहाजाने खायला घातलं म्हणून. तरी पुस्तकात "एअरने पार केलं" असंच असतं. असो.

कड्याच्या टोकावर व्हॅन उभी, मागचं दार उघडं, समोर समुद्र, तो फोटो मी काढलेला नाही. इथले हे समुद्रकडे, बुंडा क्लिफ, खालून पोखरलेले आहेत, काठ कधी ढासळेल सांगता येत नाही, आणि वारा असा की दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागतं. मी हायवेच्या अलीकडच्या पाटीवाल्या रेस्ट एरियातच थांबले. २४ तासांची मुभा, एक खड्ड्याचा संडास, कचरापेटी नाही, म्हणजे कचरा आपल्याबरोबर. शेकोटी नाही. सांडपाणी जमिनीवर सोडायचं नाही, ते बादलीत.

आणि आज स्वयंपाकाचा मोठा कार्यक्रम! उद्या बॉर्डर व्हिलेजला क्वारंटाइन चेकपोस्ट. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ताजी फळं, भाज्या, बिया, मध काही नेऊ देत नाहीत, पूर्वेकडच्या किडी आणि मधमाश्यांचे रोग तिकडे जाऊ नयेत म्हणून. गाडी उघडून बघतात. त्यामुळे कांदे, बटाटे, टोमॅटो, आलं, मिरच्या, जपून आणलेला कढीपत्ता, सगळं एकाच कढईत. कांदा इतका झाला की त्याला रस्सा म्हणायचं की कांद्याचीच भाजी कळेना. लिंबं पिळून भातात. मध शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या काकूंना दिला, त्या उलट्या दिशेने चालल्या होत्या, पण त्यांनाही पुढे सेडूनाला तपासणी आहेच, फळं-भाज्यांची, तर त्यांच्याकडची चार संत्री आम्ही तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.

चार वाजता इथे हॅपी अवर असतो. खुर्च्या बाहेर निघतात, रिटायर झालेली जोडपी, ग्रे नोमॅड म्हणतात त्यांना, वाइन आणि चीज घेऊन बसतात आणि नवीन आलेल्याला हाक मारतात. पहिला प्रश्न ठरलेला, एकटीच? दुसरा, नवरा कुठंय? (हा थोडा फिरवून विचारतात.) तिसरा मात्र फार कामाचा असतो, कुठून आलीस आणि रस्ता कसा आहे. मग पुढच्या तीनशे किलोमीटरची सगळी माहिती मिळते, कुठल्या रेस्ट एरियात संडास साफ आहे, कुठे ट्रक रात्रभर इंजिन चालू ठेवतात. मी माझी कांदा-बटाटा भाजी फिरवली. तिखट आहे म्हणत दोनदा घेतली.

एकटीने झोपायचं तर माझे काही नियम आहेत. गाडीचं तोंड रस्त्याकडे, चावी एकाच हुकला, पुढची सीट मोकळी, म्हणजे बाहेर न उतरता थेट ड्रायव्हर सीटवर जाता येतं. लोकेशन ऑनलाइन टाकायचं ते तिथून निघाल्यावर. नेटवर्क कधी असतं कधी नसतं म्हणून पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) बरोबर, बटन दाबलं की सॅटेलाइटवरून सिग्नल जातो. रात्री उशिरा एखादी गाडी आत वळली आणि हेडलाइट छतावर फिरले की जाग येते, दोन मिनिटं श्वास धरून ऐकते, मग बहुतेक वेळा कुणीतरी दमलेला ड्रायव्हर, दार आपटल्याचा आवाज, आणि घोरणं. थंडी मात्र बेकार. आजीची गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी, त्यातलं पाणी सकाळी भांड्यांना.

युक्ला

चेकपोस्टवरच्या बाईने मसाल्याचा डबा उघडून प्रत्येक वाटीवर बोट ठेवून विचारलं. मोहरीपाशी थांबली. फोडणी म्हणजे काय ते मी तिला हातवारे करून सांगितलं. मोहरी तिने ठेवून घेतली आणि हळद परत दिली.

इथे घड्याळाची गंमत आहे. साउथ ऑस्ट्रेलिया आपल्यापेक्षा, म्हणजे भारतापेक्षा, हिवाळ्यात चार तास पुढे, पर्थ अडीच तास, आणि हा मधला रस्त्याचा पट्टा सव्वातीन तास! सरकारी नाही हे, इथल्या रोडहाउसवाल्यांनी पाऊण तासाचा मधला मार्ग काढलाय. आईला फोन लावला तर ती म्हणे, आत्ता तर सांगितलंस आठ वाजलेत, आता सव्वासात कसे? समजावून सांगेपर्यंत निम्मा कॉल संपला. नंतर म्हणाली पाणी आहे ना. जेवलीस का नाही, झोप लागते का नाही, पाणी आहे ना. आमच्याकडचीच बाई शेवटी.

जुनं टेलिग्राफ स्टेशन चालत जाऊन बघितलं. १८७७ ची लाइन. साउथ आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या तेव्हाच्या दोन वसाहतींचे मोर्स कोड वेगळे होते, त्यामुळे एकाने पूर्वेकडून आलेला मेसेज कागदावर उतरवायचा आणि त्याच इमारतीत पलीकडे बसलेल्याच्या हातात द्यायचा, मग त्याने तो आपल्या कोडमध्ये पश्चिमेला पाठवायचा. पुढे सशांनी टेकड्यांवरची झुडपं खाऊन टाकली, वाळू सुटली, आणि आता नुसत्या दगडी भिंती वाळूतून वर आलेल्या.

बॅलडोनिया

आज ती सरळ रेघ झाली. कायगुना ते बॅलडोनियाच्या बाजूला १४६.६ किलोमीटर, एकही वळण नाही. मला वाटलं होतं कंटाळा येईल. उलट डोळ्यांना काम खूप, कारण समोरून येणारी गाडी दिसते तेव्हापासून शेजारून जाईपर्यंत इतका वेळ जातो की त्या माणसाची वाट बघितल्यासारखं होतं, आणि मग तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, मी पण उचलते. रस्त्यावर मधेच पांढरे पट्टे आणि विमानाची पाटी, फ्लाइंग डॉक्टरचं विमान तिथे उतरतं, हायवेच रनवे. १९२८ पासूनची ही सेवा. त्या पट्ट्यांवरून जाताना मी उगीचच आरशात बघितलं.

इथे आता पर्थचं घड्याळ, म्हणजे पाच वाजताच अंधार. चारची वेळ तीनवर आली. टाकीत १८ लिटर उरलंय, एक कॅन अजून भरलेला. नॉर्समन १९० किलोमीटर, आणि तिथून डावीकडे एस्परन्सचा समुद्र किंवा उजवीकडे कॅलगुर्लीच्या सोन्याच्या खाणी, अजून ठरलं नाही. नॉर्समनला आधी मोहरी शोधायची. मिळणार नाही, माहितीये. मग कांदे.