फॉरमॅटची गरज नव्हती

पंचवटीत दिंडोरी नाक्याजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सप्टेंबर सरता सरता दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आले. वय पासष्टीच्या पुढचं, सगळे त्यांना नाना म्हणतात. काउंटरवर बॅग ठेवत म्हणाले, "भाऊ, वायफाय धरतच नाही. एका ठिकाणी फॉरमॅट मारून झाला, आठशे रुपये गेले. आता कार्ड बदला म्हणतात."

"फॉरमॅट मारून झाला" हे मी रोज ऐकतो आणि रोज मला चीड येते. फॉरमॅट मारायला डोकं लागत नाही. पेनड्राइव्ह लावायचा, पुढे-पुढे करत जायचं आणि तासाभराने बिल फाडायचं.

मशीन जुनं, बिझनेस सिरीजचं, दणकट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं कार्ड व्यवस्थित दिसत होतं, ड्रायव्हर बरोबर, पिवळी खूण नाही. तरी शेजारी ठेवलेल्या माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉटसुद्धा यादीत येत नव्हता. कार्ड मेलं असेल तर बहुतेक वेळा ते मशीनला दिसतच नाही. दिसतंय पण ऐकत नाही, म्हणजे कोणीतरी त्याचं तोंड दाबून धरलंय. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि 'आरएफकिल लिस्ट' ही, वायफायचा रेडिओ कशाने बंद आहे ते दाखवणारी कमांड दिली. उत्तर आलं: सॉफ्ट ब्लॉक्ड नो, हार्ड ब्लॉक्ड यस.

त्या दोन शब्दांतला फरक ज्याला कळतो, तो अशा मशीनला फॉरमॅट मारणार नाही. सॉफ्ट म्हणजे विंडोजमधून किंवा की दाबून बंद केलेलं. हार्ड म्हणजे मशीनच्या अंगावर असलेल्या बटणाने. या जुन्या मशीनमधल्या कार्डाला 52 पिना असतात. बटण सरकलं की त्यातल्या 20 नंबरच्या पिनेवरचा सिग्नल खाली ओढला जातो आणि कार्डाचा रेडिओ बंद पडतो. मग विंडोज नवं टाका, ड्रायव्हर दहा वेळा टाका, रेडिओ उठणार नाही. कार्ड बदललं तरी नवं कार्डही तसंच गप्प बसलं असतं. हल्लीच्या लॅपटॉपवर ही सरकपट्टी नसते, त्यामुळे नव्या पोरांनी ती पाहिलेलीच नसते, हे मला मान्य आहे. पण मशीन हातात घेऊन चारही कडा बघायला काय लागतं?

पट्टी उजव्या कडेला होती, काडीच्या गुलाएवढी. खाचेत पिवळी भुकटी घट्ट बसली होती. चालू असल्याची हिरवी खूण त्याखाली पार झाकली गेली होती. मी नखाने जरा उकरलं आणि वास घेतला.

"नाना, गंधक?"

"हो. भुरी रोगासाठी धुरळणी करतो ना. गाडीत पोतं असतं, बॅग त्याला टेकूनच ठेवतो."

बॅगेत घालता-काढता पट्टी सरकली असणार आणि गंधकाने ती तिथेच जाम झाली. मऊ ब्रश घेतला, आयपीएचे, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलचे, दोन थेंब सोडले, दोनदा हलवली, टक् आवाज झाला. वायफायचा दिवा लागला आणि यादीत अकरा नेटवर्क आली. सगळं मिळून वीस मिनिटं. मी पैसे घेतले नाहीत.

नानांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "आता माझ्या फायली दिसतील ना?"

मग कळलं. छाटणीच्या तारखा, प्रत्येक फवारणी, डाऊनी हा बुरशीचा रोग कधी आला, किती पाऊस झाला, कुठल्या प्लॉटला किती माल निघाला, असं वर्षानुवर्षांचं सगळं एक्सेलमध्ये आणि ते डेस्कटॉपवर. फॉरमॅटमध्ये गेलं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, पंधरा दिवसांवर आलेली आणि जुन्या तारखा बघितल्याशिवाय ते कात्री लावत नाहीत.

मी मशीन लगेच बंद केलं. डिस्क काढली, तिची पूर्ण नक्कल घेतली आणि नकलेवर फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. नशीब, एसएसडी नव्हती, साधी हार्डडिस्क होती. एसएसडी असती तर फॉरमॅटनंतर जवळपास काहीच उरलं नसतं. पण इथेही नवं विंडोज जिथे बसलं, तिथलं जुनं कायमचं पुसलं गेलेलं. फोटोरेक फायलींची नावं परत देत नाही, नुसते आकडे देतं. दोन रात्री मी एकेक एक्सेल उघडून, आतली तारीख बघून वर्ष लिहीत बसलो.

मधेच त्या दुसऱ्या दुकानात फोन केला. उचलणारा पोरगा माझ्याकडे दोन वर्षं काम शिकलेला निघाला. मी आवाज चढवला. तो हळूच म्हणाला, "दादा, तुम्हीच सांगायचात ना, अर्ध्या तासात सापडलं नाही तर फॉरमॅट मार, गिऱ्हाईक ताटकळत ठेवू नको."

मी हे सांगायचो. "आधी बॅकअप घे" हेही सांगायचो. पण दुकानात गर्दी असताना मी कोणतं वाक्य जास्त वेळा म्हणायचो, ते मला माहीत आहे. त्यानंतर मी त्याला काही बोललो नाही.

शनिवारी नाना आले. मी पेनड्राइव्ह दिला, बटणाशेजारी पांढऱ्या टेपवर 'वायफाय, इकडे चालू' लिहून चिकटवलं. त्यांनी फायली बघितल्या आणि म्हणाले, "2019 नाही यात."

नव्हती. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातल्या बागा झोडपल्या होत्या. कुठल्या प्लॉटची छाटणी पावसात सापडली आणि कुठली वाचली, हे त्यांना त्याच फाइलवरून बघायचं होतं.

"मग फॉरमॅट कशाला केला भाऊ?"

"गरज नव्हती, नाना."

त्यांनी मान हलवली. खिशातून डायरी काढली आणि काउंटरवर उभ्या उभ्याच आठवेल तसं लिहायला लागले. खालचा प्लॉट, वरचा प्लॉट, विहिरीकडचा. मग पेन थांबलं.

"दिवाळीच्या आधी सुरू झाला होता ना हो पाऊस? तारीख आठवते तुम्हाला?"

मला आठवली नाही.