आपण त्यांना दिसतो का?

मी बोटींवर रेडिओ बसवतो. दुकान माझगावला, काम अपोलो बंदरापासून करंजापर्यंत जिथे बोलावतील तिथे. बड्या जहाजांची कामं बड्या कंपन्यांकडे जातात. माझ्याकडे येतात टग, मचवे आणि हौसेने शीड उभारणारी माणसं. २२ वर्षं झाली. ज्या कामाबद्दल लिहितोय ते जानेवारीतलं आहे, आणि रात्री जाग आली की अजून तेच डोक्यात फिरतं.

दादरचं एक निवृत्त जोडपं. ३६ फुटी, सेकंडहँड घेतलेली शिडाची बोट. मालवणपर्यंत जायचं मनात. काका यादी घेऊनच आले होते: १२ इंची स्क्रीन, रेडिओ, आणि एआयएस, म्हणजे जहाजांना एकमेकांची जागा कळवणारी पेटी. विलायतेतून कोणीतरी आणलेला सॅटेलाइट फोनही होता. तो परवानगीशिवाय आपल्या हद्दीत वापरता येत नाही, घरीच ठेवा, असं सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जहाजं आपल्याला दिसतील, ते कळलं. पण आपण त्यांना दिसतो का?" २०१० च्या ऑगस्टमध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं आपल्या बंदराच्या तोंडाशी धडकली होती. तेव्हाचे पाण्यावर तरंगणारे कंटेनर त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

मी म्हणालो, "दिसणार काकू. त्यासाठीच तर घेतोय."

एआयएस म्हणजे बोटीचं नाव, जागा, वेग आणि दिशा व्हीएचएफ रेडिओ लहरींवरून हवेत सोडत राहणारी पेटी. मोठ्या जहाजाची पेटी साडेबारा वॅटची, जहाज चालू असलं की दर २ ते १० सेकंदांनी बोलते. छोट्या बोटींसाठी दोन प्रकार मिळतात. स्वस्त पेटी २ वॅटची. ती आधी कान देते, हवा मोकळी वाटली तरच बोलते, तेही अर्ध्या मिनिटातून एकदा. महाग पेटी ५ वॅटची. ती आपली वेळ आधीच राखून ठेवते. मुंबईबाहेर नांगरावर जहाजांची दाटी असते, म्हणून मी इथे ५ वॅटचीच घ्या म्हणतो. काकांनी स्क्रीन १२ इंची ठेवली आणि पेटी २ वॅटची घेतली. सगळे असंच करतात. जे डोळ्यांना दिसतं त्याला पैसे सुटतात, केबल आणि कनेक्टर म्हटलं की हात आखडतो. मला याचा दर वेळी राग येतो.

डोलकाठीच्या आतली केबल जुनी होती, बारीक जातीची. अशी केबल अगदी नवी असली तरी २० मीटरमध्ये निम्म्याहून जास्त ताकद वाटेतच जिरते. बदलायची तर डोलकाठी क्रेनने उतरवावी लागणार होती. "पुढच्या पावसाळ्यात बदलू," काका म्हणाले, आणि मी हो म्हणालो. रेडिओ आणि एआयएस एकाच अँटेनावर घ्यायचे म्हणून मध्ये स्प्लिटर बसवला. तो मात्र चांगला, एआयएसला राखणारा घातला. साधा घातला की रेडिओचं बटण दाबताच २५ वॅट शेजारच्या एआयएसमध्ये घुसून त्याचा रिसीव्हर जाळतात. ४१९ ने सुरू होणारा बोटीचा नऊ आकडी ओळख-नंबर काकांकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच भरला, कारण त्या पेटीत तो एकदाच भरता येतो.

मग केबिनमध्ये केबलच्या खालच्या टोकाला मीटर लावला. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप, १.३. सुरेख आकडा. अर्ध्या मैलावर टगवर माझा जुना सोबती होता, त्याला फोन केला. म्हणाला, "दिसतेय रे." बिलावर लिहिलं: तपासलं, ठीक.

त्या रविवारी चाचणीला मीही बोटीवर होतो. पहाटेचा मतलई वारा, खांदेरीकडे निघालेलो. दीड-दोन मैलांपलीकडे सगळं धुरकट. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्सचा दीपस्तंभ मागे पडला आणि मोठ्या जहाजांचं चॅनेल ओलांडताना स्क्रीन वाजायला लागली. न्हावा शेव्याहून बाहेर पडणारं कंटेनरचं जहाज, ११ मिनिटांत आमच्यापासून २०० मीटरवर येणार. चॅनेलमध्ये वाट त्यांची, बाजूला आम्हीच व्हायचं. काकांनी इंजिन सुरू केलं, सुकाणूवर काकू होत्या. आम्ही वळतोय हे सांगायला मी रेडिओच्या १६ नंबरवर जहाजाचं नाव घेऊन हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. १६ नंबरवर भलत्याच गप्पा चालू होत्या. हा नंबर हाक मारायला आणि जीव वाचवायला आहे, हे लोकांना सांगून सांगून थकलो. तिसऱ्या हाकेलाही काही नाही. मग पिशवीतला हातातला वॉकीटॉकी काढला, ५ वॅटचा, वीतभर अँटेनाचा. त्यावर लगेच आवाज आला: "सेलिंग बोट, तुम्ही कुठे आहात? एआयएसवर तुम्ही नाही आहात."

फायबरची बोट रडारवरही जेमतेमच उमटते. मी जागा सांगितली, वळतोय ते सांगितलं. जहाज गेलं तेव्हा नांगराच्या भोकाखालचे गंजाचे ओघळ मोजता येत होते. काकूंनी सुकाणू सोडलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पाळण्यात बसून डोलकाठीवर चढलो. कनेक्टरवरची टेप उन्हाने तडकलेली. कनेक्टर कापला तर आतून पाणी गळलं. तांब्याची जाळी काळी ठिक्कर, चिमटीत धरली की भुगा. वीतभर खाली कापली, तिथेही काळी. दोन मीटरवर, तिथेही. जाळीत पाणी शिरलं की वातीतल्या तेलासारखं पसरत जातं. वरच्या टोकाला वॅटमीटर लावला आणि काकांना खालून रेडिओचं बटण दाबायला सांगितलं. २५ वॅट निघाले. वर सुई जागची हलली नाही.

एसडब्ल्यूआरचा मीटर अँटेनाकडून परत फिरणारी ताकद मोजतो. इथे जाणारी ताकद वाटेत जिरत होती आणि परतणारीही. मीटरपर्यंत काही पोचतच नव्हतं, म्हणून आकडा सुरेख. हे मला माहीत आहे. शिकाऊ पोरांना मीच शिकवतो, की जुनी केबल असेल तर वर चढून मोजा. पेटी बसवली त्या दिवशी मुरिंगवर, म्हणजे बोट बांधून ठेवतात तिथे, लाँचींच्या लाटांनी डोलकाठी झुलत होती, मी चढलो नाही.

आणि खूण तर समोर होती. स्क्रीनवर १४ जहाजं दिसत होती, सगळी चार मैलांच्या आतली. डोलकाठीच्या टोकावरच्या अँटेनाला मोठ्या जहाजाचं २० मैलांवरून ऐकू यायला हवं. लांबचं ऐकू येत नाही म्हणून पेटीला हवा मोकळी वाटायची, ती बोलायची, आणि तिचा तो क्षीण आवाज दुसऱ्याच्या मोठ्या आवाजाखाली दबायचा. मुंबईत स्क्रीन कधी रिकामी नसते. १४ जहाजं बघून मलाही वाटलं, सगळी आली.

आता त्या बोटीवर ५ वॅटची पेटी आहे, तिची स्वतःची अँटेना मागच्या रेलिंगवर, ५ मीटर जाड केबलवर. उंची गेली म्हणून ऐकू येण्याचे चार-पाच मैल गेले, पण डोलकाठी मोडली तरी ही चालू राहील. स्प्लिटर काढला. डोलकाठी उतरवून तिथलीही केबल बदलली. कामाचे पैसे घेतले नाहीत; काकांनी सामानाचे दिले. टगवरच्या सोबत्याने नऊ मैलांवरून स्क्रीनचा फोटो पाठवला, तो मी काकूंना पाठवला. त्यांनी विचारलं, "नऊ मैलांवर तुम्ही खात्री केलीत ना, की त्याने अंदाजाने सांगितलं?" खात्री केली होती. नकाशावर मोजून.

जुनी बिलं काढून बसलो. केबल जुनीच ठेवून फक्त खालून मोजलेल्या ११ बोटी निघाल्या. चारांवर चढून आलो; एकीची केबल अशीच काळी होती. सात राहिल्या आहेत. त्यांतली एक मधल्या काळात विकली गेली, आणि नवा मालक फोन उचलत नाही.