जेलीफिशचं बालपण
आज रविवार, बाहेर गोदावरीकाठी फिरायला जायचं होतं पण लेकीसोबत जेलीफिशचा चार्ट काढत बसले आणि दोन तास कुठे गेले कळलंच नाही. मला वाटायचं जेलीफिश म्हणजे ती पारदर्शक छत्री, पण ती तर शेवटची अवस्था! मून जेलीफिशचा आधी तांदळाच्या कणीहून बारीक प्लॅन्युला, म्हणजे तिची अळी, असतो, तो पोहत जाऊन खडकाला चिकटतो, त्याचा पॉलिप, म्हणजे एका जागी चिकटून राहणारं रूप, होतो, आणि पाणी थंड झालं की त्याला आडव्या खाचा पडतात, अगदी वाट्यांची चवड रचल्यासारख्या, मग एकेक चकती सुटून पोहायला लागते, ती एफिरा, आठ पाकळ्यांची. "आई, हे तर फूल आहे गं!" म्हणत लेकीने गुलाबी स्केचपेनने रंगवली. मला मात्र मागे खडकाला धरून राहिलेला तो पॉलिपच फार आवडला, थंडी आली की तो परत पिल्लं सोडणार.